कोपऱ्यातला अर्धा मिलिमीटर: अंबडमधल्या एका अंतराळ पुरवठादाराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतले आहे. कारखाना, ग्राहक आणि माणसे ओळखू येऊ नयेत एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले, तो क्रम तसाच ठेवला आहे. मी क्वालिटी सिस्टीमची कामे बघतो. या युनिटचे ऑडिट आधी केलेले असल्यामुळे घटनेच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. पहिल्या दिवसाचे इथे जे लिहिले आहे ते तिथल्या लोकांनी सांगितलेले आणि त्यांच्या नोंदींशी ताडून पाहिलेले आहे.

मशीन शॉप छोटेच. तिसेक माणसे, दोन पाळ्या. मालकांच्या वडिलांनी एका लेथवर वाहन कंपन्यांच्या जॉबवर्कने सुरुवात केली होती. सातपूर-अंबडची कितीतरी युनिटे अशीच, महिंद्रा आणि बॉशच्या कामाच्या आधाराने उभी राहिली. ओझरला एचएएल असल्यामुळे विमानाच्या सुट्या भागांची कामेही या शहराला नवी नाहीत. २०२० मध्ये केंद्र सरकारने अंतराळ क्षेत्र खासगी उद्योगांना खुले करायचे ठरवले, तेव्हा मालकांनी कर्ज काढून पाच अक्षांचे मशीन घेतले, एएस ९१०० हे विमान-अंतराळ उद्योगाचे गुणवत्ता प्रमाणपत्र मिळवले आणि दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीसाठी उपग्रहाच्या प्रणोदन यंत्रणेतली टायटॅनियमची व्हॉल्व बॉडी बनवायला घेतली. ती कंपनी हे भाग जोडून पूर्ण मोड्यूल तयार करते.

भाग मुठीत मावेल एवढा. त्याच्या आत एक खोल पॉकेट, म्हणजे कोरलेला खळगा, आहे आणि पॉकेटच्या तळाशी, भिंत जिथे तळाला मिळते तिथे, ड्रॉइंगमध्ये १ मिलिमीटरची गोलाई दिलेली आहे. ही गोलाई शोभेची नाही. आत दाबाखालचे इंधन असते, उड्डाणाच्या वेळी सगळे मोड्यूल जोरात थरथरते, आणि कोपरा जितका तीक्ष्ण तितका तिथे ताण साठतो. तडा जायचा असेल तर तो अशाच कोपऱ्यातून सुरू होतो.

अडचण अशी की तिथपर्यंत सीएमएमचा (मापे घेणाऱ्या यंत्राचा) प्रोब नीट पोचत नाही. म्हणून पहिला नमुना पास करताना सिलिकॉनचा ठसा घेऊन गोलाई मोजली गेली आणि पुढच्या लॉटमध्ये ती मोजायची नाही असे दोन्ही बाजूंनी ठरले. कटरच्या टोकाची गोलाई ठरलेली, कटर प्रोग्रॅममध्ये ठरलेला, मग कोपरा बदलेल कसा, हा त्यामागचा विचार. म्हणजे त्या कोपऱ्याची सगळी हमी एका प्रोग्रॅमच्या फाईलवर उभी होती.

ती फाईल कॅम प्रोग्रॅमरच्या, म्हणजे ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्याच्या, कॉम्प्युटरवर तयार व्हायची, तिथून डीएनसीच्या (मशीनला प्रोग्रॅम पुरवणाऱ्या) कॉम्प्युटरवर जायची आणि तिथून केबलने मशीनवर. डीएनसीचा हा कॉम्प्युटर शॉप फ्लोअरवर काचेच्या केबिनमध्ये होता. त्याच्यावरच ग्राहकाची ड्रॉइंग, पर्चेस ऑर्डर, जुनी बिले असे सगळे एका फोल्डरात होते. इंटरनेट चालू होते. मशीन बसवून देणाऱ्या पुरवठादाराच्या सर्व्हिस इंजिनिअरने दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून रिमोट सॉफ्टवेअर टाकले होते. समोर कुणी बसलेले नसले तरी पासवर्ड टाकून आत येता येईल, अशी त्याची सेटिंग होती.

अडचण

एका सोमवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास कॅम प्रोग्रॅमरला नवा प्रोग्रॅम डीएनसीवर सेव्ह होईना. डिस्क भरल्याचा संदेश येत होता. एवढी जागा कशाने खाल्ली म्हणून शोधले तर एका फोल्डरात, जिथे कुणी कधी काही ठेवत नाही, एक मोठी झिप फाईल सापडली. उघडली तर आत त्या एका ग्राहकाचा अख्खा फोल्डर: ड्रॉइंग, ऑर्डर, बिले. ही झिप कारखान्यातल्या कुणीही बनवलेली नव्हती.

आयटीचे काम बाहेरच्या माणसाकडे होते. त्याला फोन लागला. तो म्हणाला, "साहेब, व्हायरस दिसतोय. मी येतो, फॉरमॅट मारतो, संध्याकाळपर्यंत नवीन विंडोज टाकून देतो." मालकांना ते पटले. त्याच आठवड्यात, गुरुवारी, तयार लॉट रवाना व्हायचा होता आणि मशीन उभे ठेवणे परवडणारे नव्हते.

पहिला निर्णय: फॉरमॅट मारायचा का

क्वालिटी विभाग सांभाळणाऱ्या मॅडम तोपर्यंत केबिनमध्ये आल्या होत्या. त्यांनी आधी एकच केले, लॅनची केबल ओढून काढली. कॉम्प्युटर मात्र चालूच ठेवला. मग मालकांना म्हणाल्या, "सर, फॉरमॅट मारलं तर काय गेलं, कधी गेलं, कुणी नेलं, काहीच कळणार नाही. उद्या कस्टमरने विचारलं तर दाखवायचं काय?"

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. लघुउद्योगात कॉम्प्युटर बिघडला की फॉरमॅट हा पहिला उपाय असतो, कारण काम लगेच सुरू होते. पण अशा वेळी तो कॉम्प्युटरच पुरावा असतो. बंद केला तर मेमरीत चालू असलेल्या गोष्टी जातात, फॉरमॅट केला तर लॉग जातात. नेटवर्क तोडून कॉम्प्युटर चालू ठेवल्यामुळे आत आलेल्याचा रस्ता बंद झाला आणि त्याच्या खुणाही राहिल्या. आयटीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला आजवर कुणी दुसरे काही मागितलेलेच नव्हते.

केबल काढताना मशीनवर आधीच भरलेला प्रोग्रॅम चालू होता. तो भाग पूर्ण होऊ दिला आणि मग मशीन थांबवले.

दुसरा निर्णय: लॉट पाठवायचा का

रिमोट सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये अनोळखी परदेशी पत्त्यांवरून आलेली सत्रे दिसली. एक तर काही आठवड्यांपूर्वीचे होते. आत येणारा डीएनसीच्या फोल्डरापर्यंत पोचला होता हे उघड होते. तेव्हा मॅडमच्या मनात पुढचा प्रश्न आला आणि तो झिपपेक्षा गंभीर होता: त्याने प्रोग्रॅमला हात लावला असेल तर?

मूळ प्रोग्रॅम सुदैवाने दुसरीकडे सापडला. पहिला नमुना मंजुरीला पाठवताना तो ई-मेलला जोडलेला होता. तो आणि डीएनसीवरचा प्रोग्रॅम शेजारी ठेवून तुलना केली तेव्हा काही ओळी रंगल्या. पॉकेटच्या शेवटच्या फिनिशिंग पासमध्ये टी ०७ च्या जागी टी १२ (कटरचा नंबर), एच ०७ च्या जागी एच १२ (त्याच कटरच्या लांबीची नोंद), फीड म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग कमी, स्पिंडलचा वेग वेगळा. बाकी हजारो ओळी जशाच्या तशा. फाईल शेवटची बदलल्याची वेळ रात्री ९ वाजून ४० मिनिटे. आणि त्याच तारखेला रिमोट सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये एक सत्र: २१:२० ते २२:०५.

केबिनमध्ये सगळे गप्प झाले, असे मला दोघांनी वेगवेगळे सांगितले. त्यांच्या जागी मी असतो तरी हाच अर्थ लावला असता. कारण हे अशक्य नाही. २०१० मध्ये उजेडात आलेल्या स्टक्सनेटने इराणच्या नतान्झमधल्या सेंट्रिफ्यूजच्या नियंत्रकांना बदललेल्या आज्ञा दिल्या आणि पडद्यावर सगळे ठीक असल्याचे दाखवत ठेवले. २०१६ मध्ये इस्राएल, अमेरिका आणि सिंगापूरच्या संशोधकांनी प्रयोग म्हणून ड्रोनच्या पंख्याची डिझाइन फाईल चोरून बदलली. आत बारीक पोकळ्या ठेवल्या. त्रिमितीय छपाई करून निघालेला पंखा बाहेरून अगदी चांगल्यासारखा दिसत होता. तो हवेत दोन मिनिटेही टिकला नाही. जिथे तपासणी पोचत नाही अशीच जागा असा माणूस निवडेल. आमचा कोपरा नेमका तसाच होता.

मालकांपुढे तीन वाटा होत्या. ठरल्याप्रमाणे लॉट पाठवायचा आणि चौकशी मागाहून करायची. लॉट अडवून गोलाई मोजायची आणि ठीक निघाली तर कुणाला न सांगता पाठवायचा. किंवा लॉट अडवून ग्राहकाला आजच सांगायचे. पहिली वाट त्यांनी लगेच सोडली. दुसरीवर बराच वेळ घुटमळले, आणि ते मी समजू शकतो. ग्राहकाला कळवले की तो आधीचेही लॉट अडवणार, पैसे अडकणार, कदाचित काम दुसऱ्याकडे जाणार, हे त्यांना दिसत होते. कर्जाचा हप्ता त्याच कामावर चालला होता.

मॅडमनी आधी मोजायचा आग्रह धरला. सिलिकॉनचा ठसा घेतला, पण त्यावरही शंका नको म्हणून एक तयार भाग वायरकटवर (तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर) मधोमध कापला. टायटॅनियमचा पूर्ण झालेला, पॅकिंगला निघालेला भाग कापायला काढणे सोपे नसते. वायरकटचा ऑपरेटर दोनदा विचारायला आला, "हाच ना मॅडम, नक्की?" कापलेला अर्धा भाग धुऊन प्रोफाइल प्रोजेक्टरवर ठेवला. पडद्यावरच्या मोठ्या सावलीत कोपऱ्यावर आधी १ मिलिमीटरचा चाप लावला, तो बसला नाही. ०.५ चा लावला, तो नेमका बसला.

लॉट जागच्या जागी अडवला गेला.

तिसरा निर्णय: कुणाला, कधी, किती सांगायचे

दुपारी मालकांनी स्वतः ग्राहकाच्या क्वालिटी प्रमुखांना फोन केला. एवढेच सांगितले: आमच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरचे कुणीतरी शिरले आहे, तुमची ड्रॉइंग गेली असावीत, एका प्रोग्रॅममध्ये बदल सापडला आहे, कोपऱ्याची गोलाई अर्धी निघाली आहे, कारण अजून माहीत नाही. अंदाज बांधला नाही, दिलासाही दिला नाही. माझ्या पाहण्यात असे फोन बहुधा "तसं काही विशेष नाही, पण..." असे सुरू होतात आणि मग प्रत्येक वाक्य मागे घ्यावे लागते.

ग्राहकाने तासाभरात त्या भागाचे सगळे सिरियल नंबर होल्डवर टाकले. त्यातला एक भाग चाचणीच्या मोड्यूलमध्ये बसलेला होता आणि मोड्यूल कंपन चाचणीच्या रांगेत होते. उपग्रहावर अजून काही चढलेले नव्हते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायला मात्र उशीर झाला. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. लघुउद्योगांना त्यात त्याच वर्षी २५ सप्टेंबरपर्यंत सवलत होती, नंतर तेही त्यात आले. सकाळी सव्वानऊला झिप सापडली, ई-मेल संध्याकाळी सहाला गेला. हे निर्देश आपल्याला लागू आहेत हेच तिथे कुणाला ठाऊक नव्हते. ग्राहकाच्या माणसाने फोनवर सांगितले तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी नाशिक शहर सायबर पोलिसांकडे तक्रार दिली.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. उपग्रहांची सायबर सुरक्षा म्हटली की लोकांना अँटेना, एन्क्रिप्शन, अवकाशात पाठवलेल्या खोट्या आज्ञा आठवतात. ते धोके खरे आहेत. पण २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या दिवशी, केए-सॅट उपग्रहाची सेवा कोलमडली तेव्हा उपग्रहाला कुणी हात लावला नव्हता. हल्लेखोर जमिनीवरच्या व्यवस्थापनाच्या नेटवर्कमध्ये, चुकीची सेटिंग असलेल्या एका व्हीपीएन उपकरणातून शिरले आणि तिथून युरोपभरातल्या हजारो ग्राहकांचे मोडेम निकामी करून टाकले. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांची दूरदेखरेख त्यात बंद पडली. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत २०१८ मध्ये उघड झालेल्या घुसखोरीची वाट होती परवानगीशिवाय नेटवर्कला जोडलेला एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर. सुमारे ५०० एमबी माहिती गेली आणि दहा महिने कुणाला पत्ता नव्हता. दार जमिनीवरच असते, आणि पुरवठा साखळीत अशी दारे अंबडसारख्या वसाहतींमध्ये रांगेने आहेत.

चौकशीत काय निघाले

मी पोचलो तेव्हा सगळे एका अज्ञात हल्लेखोराबद्दल बोलत होते. मी मशीनजवळ गेलो. पाच अक्षांच्या मशीनच्या पॅनेलवर प्रोग्रॅम प्रोटेक्टची किल्ली असते. ती फिरवून काढून घेतली की मशीनवर उभ्या उभ्या प्रोग्रॅम बदलता येत नाही. इथे ती किल्ली कुलपातच होती, 'एडिट चालू' या बाजूला फिरवलेली, आणि तिच्यावर तेलकट धूळ बसली होती. बरेच दिवस तिला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे बदल करायला परदेशातून यायची गरज नव्हती.

टूल स्टोअरमध्ये एक जाड रजिस्टर असते. त्यातली एक ओळ मॅडमनी शोधून काढली. त्याच तारखेला, त्याच मशीनसाठी: ६ व्यासाचा, वन आरचा (टोकाला १ मिलिमीटर गोलाईचा) कटर तुटला, पॉइंट फाइव्ह आरचा (०.५ गोलाईचा) दिला. खाली दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरची सही.

त्याला बोलावले. घाबरलेला होता, पण आडपडदा ठेवला नाही. "मॅडम, वन आरचा शेवटचा कटर मोडला. स्टोअरमध्ये पॉइंट फाइव्हचाच होता. रात्रीची वेळ, विचारायला कोणी नव्हतं. म्हटलं, कोपरा उलट जास्त साफ निघेल. म्हणून टूल नंबर बदलला, फीड कमी केली आणि प्रोग्रॅम पंच केला." पंच करणे म्हणजे मशीनवरचा प्रोग्रॅम परत डीएनसीला पाठवणे. नाव तेच असल्यामुळे मंजूर फाईलवर बदललेली फाईल बसली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पाळ्यांनी तीच वापरली आणि पुढचे तीन लॉट तसेच निघाले.

मग रिमोट सत्राची वेळ? त्या सॉफ्टवेअरचा लॉग जागतिक प्रमाणवेळेत लिहिला जात होता. त्यात साडेपाच तास मिळवले की सत्र पडते रात्री २ वाजून ५० मिनिटे ते ३ वाजून ३५ मिनिटे. ९:४० ला फाईल बदलली तेव्हा घुसखोर आत नव्हता. मशीनचे घड्याळ तर बसवल्यापासून कुणी लावलेलेच नव्हते, त्यामुळे तिथली वेळ कामाची नव्हती. आणखी एक तपासले: त्या सत्रानंतर कुठल्याही प्रोग्रॅमची फाईल बदललेली नव्हती. ग्राहकाच्या माणसांनी डिस्कची हुबेहूब प्रत काढून नेली आणि त्यांनीही हेच पडताळले.

दोन वेगळ्या घटना एकाच रात्री एकाच कॉम्प्युटरवर आल्या होत्या. चोर एक, कटर बदलणारा दुसरा. आणि हाताने लिहिलेले ते रजिस्टर नसते तर त्या दोघांत फरक करायला काही साधन नव्हते. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ केले ते याने. कोणत्या प्रोग्रॅमने कोणता भाग बनला हे कारखाना सिद्ध करू शकत नसेल, तर प्रामाणिक चूक आणि घातपात बाहेरून सारखेच दिसतात. ग्राहकाला मग प्रत्येक भागावर संशय घ्यावाच लागतो.

चौथा निर्णय: ऑपरेटरचे काय

मालकांच्या भावाचे म्हणणे होते, काढून टाका, ग्राहकाला दाखवायला तरी बरे. मालक तयार झाले नाहीत. त्यांचे कारण साधे होते: किल्ली आपण लावून ठेवली, कटर आपण मागवला नाही, रात्री विचारायला माणूस आपण ठेवला नाही. ऑपरेटरला लेखी समज दिली गेली आणि कामावर ठेवले गेले. ग्राहकाच्या अहवालातही कारण म्हणून माणसाचे नाव न घालता पद्धत घातली गेली. मी याच्या पूर्ण बाजूने आहे. त्याला त्या दिवशी काढले असते तर पुढच्या वेळी कटर तुटल्यावर रजिस्टरमध्ये खरी ओळ लिहायला कुणी धजावले नसते. आणि ती ओळ नसती तर आपण आजही हल्लेखोरच शोधत बसलो असतो.

काय केले

मशीनचे नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळे काढले, वेगळा स्विच, इंटरनेट नाही. हे करताना मी त्यांना कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाचे उदाहरण दिले. २०१९ मध्ये तिथल्या प्रशासकीय नेटवर्कमधल्या एका कॉम्प्युटरमध्ये मालवेअर सापडले. प्रकल्प चालवणाऱ्या एनपीसीआयएलने त्याला दुजोरा दिला, पण प्रकल्पाची नियंत्रण यंत्रणा त्या नेटवर्कला जोडलेली नसल्याचे सांगितले. रिमोट सॉफ्टवेअर काढले. आता सर्व्हिस इंजिनिअरने आधी फोन करायचा, मग ठरलेल्या वेळेपुरते कनेक्शन द्यायचे आणि काम होईपर्यंत आपला माणूस समोर बसायचा.

प्रोग्रॅमचा मंजूर फोल्डर मशीनकडून फक्त वाचता येतो. पंच केलेली फाईल दुसऱ्या फोल्डरात पडते आणि प्रोग्रॅमरने पाहिल्याशिवाय मंजूर होत नाही. प्रत्येक मंजूर फाईलचा एसएचए-२५६ हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारी अक्षर-अंकांची ओळखखूण) काढून त्याची शेवटची आठ अक्षरे रूट कार्डावर, म्हणजे भागासोबत फिरणाऱ्या कामाच्या कार्डावर, लिहिली जातात आणि पाळी सुरू होताना जुळवून सही होते. एखादा स्वल्पविराम बदलला तरी ती अक्षरे बदलतात. सुरुवातीला हे कटकटीचे वाटले, तक्रारी आल्या. नंतर पाहिले तर ऑपरेटर स्वतःच कार्ड पुढे करून अक्षरे वाचून घेतात. किल्ली सुपरवायझरकडे असते. प्रत्येक लॉटमागे एका भागाचा कोपरा ठसा घेऊन मोजला जातो, आणि वन आरच्या कटरचा किमान साठा ठरवला आहे. राउटरचे लॉग सर्ट-इनच्या नियमाप्रमाणे १८० दिवस ठेवले जातात. सगळ्या कॉम्प्युटरची घड्याळे एकाच ठिकाणाहून लावली, मशीनचे हाताने, महिन्यातून एकदा.

निष्पत्ती

ग्राहकाने ०.५ च्या गोलाईवर ताणाचे गणित पुन्हा केले. काही भाग जमिनीवरच्या चाचण्यांसाठी ठेवून घेतले, बाकीचे रद्द. खर्च युनिटने सोसला. काम गेले नाही, पण पुढची ऑर्डर लहान आली आणि ग्राहकाचा माणूस नाशिकला येऊन नवी पद्धत बघून गेल्यावरच ती आली.

झिप बाहेर गेली की नाही, हे तेव्हा सांगता येत नव्हते, कारण राउटर लॉग ठेवतच नव्हता. गेलीच असे धरून ग्राहकाने पावले उचलली. अशा भागांच्या ड्रॉइंगना निर्यात नियंत्रणाची स्कोमेट यादी लागू होऊ शकते, त्यामुळे त्यांच्या कायदा विभागाला वेगळी नोंद करावी लागली. काही आठवड्यांनी उत्तर आपोआप मिळाले. ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला या युनिटच्या नावाने एक ई-मेल आला: आमचे बँक खाते बदलले आहे, पुढचे पैसे इथे भरा. सोबत जोडलेली पर्चेस ऑर्डर खरी होती, त्याच झिपमधली. अकाउंट्सला आधीच सावध केलेले असल्याने त्यांनी फोन करून विचारले आणि पैसे वाचले. आत शिरलेला बहुधा पैशांच्या मागे होता, रॉकेटच्या नाही. ड्रॉइंग मात्र त्याच्याकडे आहेत, आणि ती त्याने पुढे कुणाला विकली हे कुणालाच सांगता येणार नाही.

काय वेगळे करता आले असते

कळवण्याचा कागद आधी तयार हवा होता. कुणाला फोन, कुणाला ई-मेल, सहा तास कधी सुरू होतात, हे एका पानावर मावते आणि ते केबिनमध्ये लावलेले असते तर सोमवारची दुपार वाया गेली नसती.

ग्राहकाकडेही बोट दाखवायला हवे. त्यांच्या ऑर्डरमध्ये क्वालिटीच्या अटी पानभर होत्या, गोपनीयतेची एक ओळ होती, आणि पुरवठादाराच्या कॉम्प्युटरबद्दल एक शब्द नव्हता. ड्रॉइंग साध्या ई-मेलने येत होती. मोठ्या कंपन्यांचे ऑडिटर येतात, मायक्रोमीटरवरची कॅलिब्रेशनची चिठ्ठी बघतात, मटेरियलचा हीट नंबर बघतात. प्रोग्रॅम कुठून कुठे जातो आणि वाटेत कुणाचा हात लागू शकतो, हे विचारलेले मी तरी फार कमी वेळा पाहिले आहे. जो कोपरा मोजायचा नाही असे ठरवले, त्याची हमी कशावर आहे हा प्रश्न पहिल्या नमुन्याच्या वेळीच दोघांनी विचारायला हवा होता.

कागदपत्रांचा प्रश्न तर अजून शिल्लक आहे. नासाचे २००९ चे ओसीओ आणि २०११ चे ग्लोरी हे उपग्रह टॉरस एक्सएल रॉकेटवरून गेले आणि दोन्ही वेळा टोकाचे आवरण सुटले नाही. नासाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या तपासाप्रमाणे त्यामागे आवरणाच्या जोडातले अॅल्युमिनियम होते: ते पुरवणाऱ्या सापा प्रोफाइल्सने चाचण्यांची प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे खोटी बनवली होती. नुकसान ७० कोटी डॉलरहून जास्त. तिथे आकडे आतल्याच लोकांनी बदलले. पण बाहेरचा माणूस आत शिरला तर तोही तेच करू शकतो, आणि भागाला हातही न लावता.

या युनिटमध्ये सीएमएमचा कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वर आहे. मोजमापाचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि नवी आवृत्ती घ्यायची तर कंट्रोलरही बदलावा लागतो, एवढा खर्च यंदा शक्य नाही. म्हणून तो कॉम्प्युटर कुठल्याही नेटवर्कला नाही. रिपोर्ट एका लाल रंगाच्या पेन ड्राइव्हवर घेतात, वेगळ्या कॉम्प्युटरवर स्कॅन करतात आणि मग पाठवतात. पण पाठवला जाणारा रिपोर्ट पीडीएफ असतो आणि पीडीएफमधला आकडा बदलता येतो. मॅडमनी डिजिटल सहीचा प्रस्ताव मालकांपुढे ठेवला आहे. ग्राहकाने पुढच्या लॉटपासून रिपोर्टसोबत प्रोबच्या मोजमापांची कच्ची फाईल आणि तिचा हॅशही मागितला आहे. ती फाईल जुन्या सॉफ्टवेअरमधून कशी काढायची यावर कॅम प्रोग्रॅमर सध्या काम करतो आहे.